हौदा किती उंच

दिगू, तुझी पिकअप गाडी अंगणात फणसाखाली उभी आहे आणि आई म्हणते, तू अजून तिच्यातच बसलेला आहेस.

पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजायच्या जरा आधी तिला दाराचा आवाज येतो. ड्रायव्हरकडचं दार, जे कुरकुरतं आणि ज्याला तू कधी तेल घातलं नाहीस. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, माकड असेल, फांदी घासत असेल, तू आधी गोळी घे आणि झोप. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता पुन्हा तेच सांगितलं. "दार उघडता गो. पण उतरणा नाय." रडत नाही की घाबरत नाही. तू जेवायला उशीर केलास की कशी दाराकडे बघत बसायची, तशी बघते.

तुझ्या बायकोला, शुभाला, तू सापडलास तोही असाच. दुपारची वेळ, दार उघडं, एक पाय आत आणि एक जमिनीला टेकलेला. तिला वाटलं, फोनवर बोलतोयस. तिनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जवळ आली. डॉक्टर म्हणाले, हृदय. बाकी काही सांगण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं. तू गाडीत चढत होतास की उतरत होतास हे मात्र कुणीच सांगू शकलं नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

लोक भेटायला येतात, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात. मी मान हलवते. पण मनात आपलं भांडणच चालू असतं, तेच, अर्ध्यावर राहिलेलं. माणूस गेल्यावर त्याच्याशी भांडू नये म्हणतात. मी तुझी थोरली बहीण आहे, मला कोण अडवणार?

तर पुन्हा पहिल्यापासून सांगते, कारण तू माझं कधी शेवटपर्यंत ऐकलंच नाहीस.

आपला काजूचा डोंगर, वर जाणारी ती लाल मातीची वाट आणि वाटेच्या मधोमध बसलेला तो दगड. दुसरा कुठला असता तर कधीच फोडला असता. पण तो राखणदाराचा, डोंगर सांभाळणाऱ्या देवाचा. हंगामातला पहिला हुर्राक, काजूच्या रसाची पहिल्या उकळीची दारू, भट्टीतून निघाला की आधी तिथं जातो, एक विडी, एक रोट आणि एक पेला. बाबांनी ठेवला, आजोबांनी ठेवला, आपण दोघांनी मिळून ठेवला. वाट एका बाजूला सरकवावी तर दरड, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची बागायत. म्हणजे गाडीनं दगडावरूनच जायचं, तो दोन चाकांच्या मधून काढायचा. पाणी दर वर्षी चाकोऱ्या खोल करत गेलं, तू दर फेरीला उतरून त्यांत दगड घालत गेलास आणि राखणदाराचा दगड होता तिथंच राहिला. दोन हंगामांपूर्वी हौदाभर बोंडू, काजूची रसाळ फळं, घेऊन खाली येताना गाडीच्या मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा त्यावर बसला आणि चाकं हवेत फिरायला लागली. आठवतं? हौद्याच्या फाळक्यातून रस गळत होता, गांधीलमाश्या आल्या, बोंडू वेचणारी पार्वती आणि बाकीच्या बायका पदर डोक्यावर घेऊन पळाल्या, आणि तू खाली वाकून गाडीच्या पोटाकडे बघत मला म्हणालास, "बाय, हो फातर हलूचो नाय. गाडीच वर काढूची पडतली."

तिथून तुझं डोकं फिरलं. जेवताना गाडीची उंची, भट्टीवर टायर, आणि मी सासरी पार्सेला गेले की फोनवर पुन्हा टायर. माझे मिस्टर विचारायचे, दिगूचा फोन होता की गॅरेजचा?

शेवटी तू मला डिचोलीला कल्लाप्पाकडे घेऊन गेलास. कल्लाप्पा बेळगावकडचा, इथं येऊन केस पांढरे झाले तरी बोलणं तिकडचंच. तुला वाटलं, तो तुझी बाजू घेईल. त्यानं गाडीखाली बॅटरी मारली आणि सांगितलं, "किटनं गाडी उचलतीया, गोळा उचलत न्हाई. गोळा वर पायजे तर टायर मोठं पायजे. आन् टायर मोठं तर ते मडगार्डला घासणार, म्हणून किट पायजे." मग दोन वाटा निघाल्या. तेहतीस इंची टायर आणि स्प्रिंगांखाली गाडी उचलणारं तीन इंचांचं किट, म्हणजे गोळा दगडावरून तसाच सुटतो. नाहीतर एकतीसचं टायर आणि दोन इंच, त्यात गोळा दगडाला जेमतेम लागतो. पण चाकोरीत चार दगड घालून चाकं थोडी वर घेतली की तोही सुटतो. तेहतीसच्या टायरनं चढावर गाडीला दम लागेल, ब्रेकही उशिरा लागेल, असं तो म्हणाला. ते तू ऐकलंच नाहीस. "तीन इंच," म्हणालास, आणि भिंतीला टेकवलेल्या त्या भल्यामोठ्या टायरला हात लावून उभा राहिलास.

मी म्हटलं, मांद्र्याच्या किनाऱ्यावर पोरं फिरवतात तसल्या गाडीची हौस आली वाटतं या वयात. तू हसला नाहीस. तुझी थट्टा केली आणि तू हसला नाहीस, असं फार कमी वेळा झालं असेल.

माझा मुद्दा मी तेव्हाही सांगितला होता. आपल्याकडे बायका बोंडू वेचतात, पाटी डोक्यावर घेतात आणि ती खाली न उतरवता तशीच मान तिरकी करून हौद्यात ओततात. पाटी एकदा उतरवली की पुन्हा उचलायला दुसरं माणूस लागतं, आणि डोंगरावर दुसरं माणूस कुठून आणायचं? फाळका उघडून ओतावं तर बोंडू गडगडत खाली येतात. म्हणून हौद्याची कड बायकांच्या डोक्याच्या खालीच पाहिजे. आपल्या आईनं याच डोंगरावर अशाच पाट्या ओतल्या, आधी बैलगाडीत, मग बाबांच्या जुन्या टेम्पोत. तिनं कधी पाटी जमिनीवर ठेवली नाही.

तू म्हणालास, करून बघूया. अंगणात चारी चाकांखाली भट्टीच्या फळ्या घातल्यास आणि गाडी त्यांच्यावर चढवलीस. "ही बघ, तीन इंच आणि टायराचा वाढलेला. पार्वती, ये." पार्वती सगळ्यांत बुटकी, आणि सगळ्यांत जास्त पाट्या तिच्या. ती टाचा उचलून उभी राहिली, मान तिरकी केली आणि पाटी हौद्याच्या कडेला आपटून मागं कलंडली. सगळे बोंडू तिच्या डोक्यावरून, पाठीवरून अंगणभर. डोळ्यांत रस गेला. "बाये, माका पावणा नाय गो!" म्हणून ती ओरडली, आणि तू पोट धरून हसलास. तीही हसली. मी एकटीच चिडलेली. तू म्हणालास, "चौथरो बांधतंव गो, चौथऱ्यार उबी रवतली." मी म्हटलं, गाडी रोज वेगळ्या झाडाखाली उभी राहते, चौथरा काय तिच्यामागं चालत येणार?

आणि मग मी ते विचारलं. "चाकोरीत चार फातर घालूक उतरलंस तर तुझा काय जाता रे?"

तू काहीच बोलला नाहीस. फळ्या गोळा करायला लागलास. मला वाटलं, जिंकले.

दिगू, त्या गप्प बसण्याचं मला आता काय करू ते कळत नाही.

दहाव्याला ओहोळाकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. माडावर तीन बसलेले. एक खाली यायचा, पिंडाभोवती फिरायचा आणि परत वर. ऊन चढायला लागलं. काका हात जोडून म्हणाले, "दिगू, आवशीचा आमी बघतलंव. शुभाक एकटी सोडूचे नाय." कावळा हलला नाही. शुभानं मनातल्या मनात काय सांगितलं ते तिलाच माहीत. भट्टी बंद पडू देणार नाही, असं कुणीतरी म्हणालं. तरी नाही. मग काका माझ्याकडे वळले. "बाय, तू सांग. तुझ्याकडेच तेचा झगडा होता."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही, हे मी कधी ठरवलेलं नाही. पण आई दगडावर बसून त्या पिंडाकडे जशी बघत होती, ते मला बघवेना. मी मोठ्यानं म्हटलं, "दिगू, तीन इंच. तेहतीसचं टायर. हंगामाच्या आधी करतंय. आता तरी खा."

पंखांचा आवाज आला आणि कावळा थेट पिंडावर. बायकांनी कपाळाला हात लावले. काका रडले. मला खरं सांगायचं तर राग आला. जिवंत असताना कधी शेवटचा शब्द मला मिळू दिला नाहीस, आणि आता कावळा पाठवून जिंकलास.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. गाडी उचलली की तू सुटशील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आई रोज विचारायची, कल्लाप्पाचं सामान आलं का? आणि इकडं डोंगरावर पहिले बोंडू पिकून पडायला लागले. पार्वती येऊन पायरीवर बसली. मी तिला सांगितलं, या वर्षी त्रास होणार आहे तुम्हाला. ती म्हणाली, "उचल गो. आमी पाटी उतरून देतलंव. तेच्यासाठी एक हंगाम काय जड नाय." तिच्या मानेचं दुखणं सगळ्या गावाला माहीत आहे. ती हे बोलली आणि मला तिच्याकडे बघता येईना.

गाडी मीच डिचोलीला घेऊन गेले. तुझी सीट तशीच मागं सरकवलेली होती, माझे पाय पेडलला पुरेनात. सीट पुढं घ्यायला हात नेला आणि परत आणला. पाठीमागं उशी घातली आणि तशीच चालवली. स्टिअरिंगवर तुझा पंचा होता. तूच मला गाडी शिकवलीस, त्या डोंगराच्या वाटेवर, माझी पोरं कॉलेजात जायला लागल्यावर. सासरी सगळे हसले होते. तू म्हणालास, हसूं दे, त्यांच्यातल्या कुणाला ही चढण चढता येत नाही. पार्सेला माझी थोडी झाडं आहेत, तिथले बोंडू न्यायला तू दर वर्षी यायचास आणि अंगणात सगळ्यांच्या समोर चावी माझ्या हातात द्यायचास. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते.

कल्लाप्पानं गाडी उचलली. परत आणताना डांबरी रस्त्यावर नव्या टायरांचा घुमणारा आवाज आतपर्यंत येत होता आणि शेजारची सीट रिकामी होती. रस्ता एवढा वरून कधी बघितला नव्हता. तुला हे आवडलं असतं. हे सारखं मनात येत होतं आणि त्याला काही इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायकांना हौद्यात बसवून डोंगरावर निघाले. दगड आला आणि माझा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. इंजिन चालू ठेवून उतरायचं, आजूबाजूचे दगड शोधायचे, वाकून चाकोरीत बसवायचे, पुन्हा चढायचं. कितीतरी वर्षं तू हेच केलंस, मी बाजूला बसून बघितलं. हौद्यातून पार्वती ओरडली, "उतरू नको गो! आता उतरूक लागणा नाय!" मी ब्रेक सोडला. गाडी सरळ गेली, खाली कुठं काही लागलं नाही.

आणि तिथंच मला दिसलं, दिगू. मागच्या हंगामात तू एकदाही उतरला नव्हतास. मला सांगायचास, बाय, बघ जरा. मी उतरायचे, पार्वती उतरायची, आणि तू वर बसून खिडकीतून सांगायचास, डावीकडे, अजून एक, असा नको. मी म्हटलंही होतं, आता शेठ झालास. तू कपाळाचा घाम पुसत हसलास. तेव्हाच तुला वाकवत नव्हतं. चार दगड उचलायचं बळ तुझ्या छातीत राहिलं नव्हतं आणि ते तू कुणाला सांगितलं नाहीस. शुभाला नाही, मला नाही. बहिणीला छातीतलं दुखणं सांगण्यापेक्षा तुला गाडी उंच करणं सोपं वाटलं. तुला उंची नको होती रे. तुला उतरायचं नव्हतं.

मी गाडी कशी वर नेली ते मला आठवत नाही. झाडांखाली उभी केली. पार्वतीनं पाटी भरली, डोक्यावर घेतली, हौद्याजवळ आली. पाटी उतरवून देणार म्हणून ठरलं होतं, पण सवय. तिनं मान तिरकी केली. पाटी कडेवर आपटली आणि बोंडू तिच्या अंगावरून खाली आले, अगदी त्या दिवसासारखे. ती डोळे पुसत उभी राहिली. कुणी हसलं नाही. सगळ्याजणी कुणीतरी हसण्याची वाट बघत होत्या आणि हसणारा नव्हता.

संध्याकाळी आईला सांगितलं, झालं, गाडी उचलली, दगडावरून गेली. तिनं मान डोलावली. मला वाटलं, आता तरी ती या विचारातून सुटली.

सकाळी चहा दिला. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आजय दार उघडला."

मी तिच्यापुढं पाव सरकवला.

"पण उतरणा नाय. आता तर तेचो पाय पण पावणा नाय गो जमनीक. लोंबकळता." तिनं माझा हात धरला. "खाली घे ती गाडी. तेका उतरूक दी."

दिगू, तिला आपल्या भांडणातलं इंचांचं गणित कधी कळलं नव्हतं. तीन की दोन, तेहतीस की एकतीस, सगळं तिच्या कानावर पडलं, पण तिनं त्यात कधी लक्ष घातलं नाही. पण आपल्या पोराचा पाय कुठं पोचतो ते तिला माहीत होतं.

मी त्याच दिवशी कल्लाप्पाकडे गेले. तो बघत राहिला. "आत्ताच तर वर केली की, ताई." मी म्हटलं, जिच्यासाठी करायची ती नाही म्हणाली. त्यानं जॅक गाडीखाली सरकवला. दोन इंच, एकतीसचं टायर. थोरलं टायर त्यानं पुन्हा भिंतीला टेकवलं, तू हात लावून उभा होतास त्याच भिंतीला.

पार्वती आता मान तिरकी करते आणि पाटी सरळ हौद्यात जाते. दगडाजवळ मी उतरते. चार फातर मी घालते, इंजिन चालू ठेवून. दमते. कमरेवर हात ठेवून उभी राहते, राखणदाराकडे बघते आणि तू कितीतरी वर्षं कसा उतरलास याचा विचार करते. पहिला हुर्राक निघाला की पेला ठेवीन. विडी तुझ्या नावाची.

काल घरी आल्यावर गाडी फणसाखाली लावली, दार उघडलं आणि सीटच्या कडेला सरकून बसले. तुझी सीट अजून मागंच आहे, ती मी पुढं घेणार नाही. एक पाय आत ठेवला, दुसरा खाली सोडला. चवडा जमिनीला टेकला. तू माझ्याहून वीतभर उंच, म्हणजे तुझं पुरं पाऊल टेकेल.

मी बघितलं आहे, दिगू. खाली जमीन आहे. आता उतर.